वळणावर बाजा बंद

आमच्या घरी लग्नाची तारीख ठरायला एक संध्याकाळ पुरली. बाजा केव्हा आणि डीजे केव्हा, हे ठरेपर्यंत मात्र घरातली अर्धी माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली होती. त्यात मी आघाडीवर होते.

लग्न माझ्या धाकट्या भावाचं. मुलगी पवनारची. मी तोवर बोरगाव मेघेला संसारात मुरले होते, पण माहेरी, नाचणगावला, कार्य निघालं की मला आधी नेलं जायचं. माझ्याशिवाय तिथं पान हलत नाही, अशी माझी समजूत. बाबांची समजूत वेगळी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत की पोरगी आली आहे, आता भांडणाची कमी पडणार नाही.

माझं लग्न नव्वदच्या दशकातलं. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. लाल कोट घातलेले बँडवाले यायचे. नवरदेव मारोतीच्या पाया पडायला निघाला की वाजवायचे, अक्षता पडल्या की वाजवायचे आणि मुलगी सासरी निघाली की एक रडकं गाणं काढून न रडणाऱ्या बायांनाही रडवायचे. मधल्या वेळात ते पंगतीत दिसत. भावाचं लग्न निघालं तोवर नवं शतक लागलं होतं आणि मेटॅडोर आल्या होत्या. वर माणसाहून उंच बॉक्स, मागं जनरेटर, आत मान डोलावणारा एक पोट्टा. गाडी गल्लीत शिरली की फळीवरची भांडी सरकायची. पोरांना त्याशिवाय लग्न लग्न वाटेना आणि म्हाताऱ्यांना त्यात लग्न सापडेना.

बाबांना फक्त बँड पाहिजे होता. मामांना फक्त डीजे. मामा पुलगावचे, हौशी माणूस, कुणाला न विचारता डीजेवाल्याला सुपारी देऊन मोकळे झाले होते. भाचा एकच आहे, मी काय त्याच्या बारशात नाचू का, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं की माझ्या दारात ती गाडी लागली तर मी शेतावर जाऊन झोपीन. मग मी मधे पडले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मारोतीला जी मिरवणूक जाते, तिला बँड. दुसऱ्या दिवशी पवनारहून सून घेऊन परत आलो की डीजे, तोही वेशीपासून शाळेपर्यंतच. दोघांनीही तोंड वाकडं करून मान्य केलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी हुशार, दोघांचीही मनं राखली. खरं तर मला ना बाबांची पडली होती ना मामांची. माझं घोडं पेंड खात होतं ते गल्लीच्या वळणावर.

आमच्या घरापासून मारोतीच्या पाराकडे जाताना आधी पिठाची चक्की लागते, मग वळण, मग विहीर. वळणावर काकूचं घर. नात्यातली नाही, पण सगळी गल्ली तिला वळणावरची काकू म्हणते. तिचा मुलगा आणि माझा भाऊ एकाच वर्षाचे, एकाच वर्गातले, एकाच सायकलवरून पडलेले. माझा भाऊ आमच्या घरी झोपायचा तेवढाच. पातोड्यांची भाजी केली की काकू त्याला हाक मारायची आणि आई ताट वाढून बसलेली असायची. तो मुलगा नाचायचा भारी. वरात कुणाची आहे हेही त्याला ठाऊक नसायचं, तरी पहिल्या रांगेत हाच.

लग्नाआधीच्या पोळ्यानंतर त्याला ताप आला. ताप डोक्यात गेला म्हणाले. वर्ध्याला नेला आणि गेला.

आमच्या गावात एक रीत आहे. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलं, त्या घरापुढून लग्नाची मिरवणूक जाताना बाजा बंद होतो. सांगावं लागत नाही. बँडमास्तर हात वर करतो, नाचणारे थांबतात, बाया पदर ओढतात आणि माणसं मान खाली घालून ते दार ओलांडतात. पुढं गेल्यावर बाजा पुन्हा सुरू. वैऱ्याचं घर असलं तरी ही रीत कुणी मोडत नाही. मला तिचा फार अभिमान होता. बोरगाव म्हणजे नवी वस्ती. शेजारी कुणी गेलं तर दारापुढच्या चपला पाहून कळतं. तिथल्या बायांना मी ऐकवायची की आमच्या गावात अजून माणुसकी शिल्लक आहे. त्या वर्षी दिवाळीनंतर गल्लीतून जेवढ्या मिरवणुका गेल्या, तेवढ्या वळणावर मुक्या झाल्या. काकूचं दार दरवेळी लावलेलं असे.

बँडचं सोपं असतं. माणसाला डोळे असतात, त्याला हात दाखवला की तो थांबतो. डीजेवाल्याला ना दिसतं ना ऐकू येतं, आणि पोरं एकदा रंगात आली की त्यांना दार कुणाचं हे सुचत नाही. म्हणून मारोतीच्या मिरवणुकीला डीजे नको, हा माझा हट्ट. परतीची वाटही मी वेशीवरून शाळेकडे वळवली ती याचसाठी.

त्यात भावानं वेगळंच काढलं. मांडव घातला त्या दिवशी मला मागच्या अंगणात घेऊन गेला. लहानपणापासून तो मला बाई म्हणतो. म्हणाला, "बाई, मारोतीले निघायच्या आधी काकूनं मले ओवाळलं पाहिजे. तिनं नाई ओवाळलं तं मी घोड्यावर बसणार नाई."

मी म्हटलं, असं काही बोलू नको, लग्न आहे. तो एवढंच म्हणाला की आमचं ठरलं होतं. काय ठरलं होतं, कुणाशी, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्या दोघांनी एकमेकांच्या लग्नात काय काय करायचं हे नववीपासून ठरवून ठेवलं होतं.

घरात ही गोष्ट फुटली तेव्हा आत्यानं नाक मुरडलं. पोर जाऊन वर्ष नाही झालं, अशा बाईच्या हातून नवरदेवाला ओवाळून घ्यायचं म्हणजे काय, पवनारच्या माणसांना कळलं तर काय म्हणतील. मी आत्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आत्या लग्न होईपर्यंत माझ्या हातचा चहा प्यायली नाही. पण भीती मलाही होती. अपशकुनाची नव्हे. काकू आलीच नाही तर, याची. भाऊ हट्टी होता; माझाच भाऊ. सोयरे जमलेले असताना हा घोड्यापाशी अडून बसला तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

आई आणि मी अक्षता घेऊन काकूकडे गेलो. दुपारची वेळ. काका शेतात गेलेले. काकू तांदूळ निवडत होती. तिनं आम्हाला बसायला चटई टाकली, पाणी दिलं, लग्नाचं सगळं विचारलं: मुलगी किती शिकली, सोयरे कसे, जेवणात काय. आईनं कुंकू लावलं, अक्षता हातावर दिल्या. काकूनं त्या देवापुढं ठेवल्या. आई म्हणाली, पोराला तुमच्याच हातानं ओवाळून घ्यायचं आहे. काकू तांदळात बोटं फिरवत राहिली आणि म्हणाली, पाहू.

मला वाटलं, हिला आवाजाची धास्ती आहे. सगळी गल्ली दणाणणार, पोरं नाचणार, त्यात तिचा नसणार, कोणत्या आईला सोसेल. म्हणून मी पुढं सरकून तिला शब्द दिला. म्हटलं, काकू, तुम्ही काही चिंता करू नका, तुमच्या दारापुढं टाळीसुद्धा वाजणार नाही, मी जातीनं लक्ष ठेवते.

तिनं तांदळातून मान वर केली. म्हणाली, "तू लक्ष ठेवशीन तं होईनच तसं."

मला तो आशीर्वाद वाटला. घरी येताना मी आईला म्हटलं, येते बघ काकू.

मग मी बंदोबस्ताला लागले. बँडमास्तरला चक्कीपाशी उभं करून दाखवलं की इथं थांबायचं, आणि विहिरीपाशी नेऊन दाखवलं की इथून सुरू करायचं. तो म्हणाला, आम्हाले मालूम हाय बाई, दर लग्नात करतो. तरी मी त्याच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं. भावाच्या मित्रांनाही दम दिला. त्यातला एक उंच पोरगा होता, काकूच्या मुलाच्या अगदी जवळचा. तो चपलेनं माती उकरत राहिला.

मिरवणुकीच्या संध्याकाळी ऊन कलेपर्यंत काकू आली नाही. आईनं ओवाळलं, मी ओवाळलं, आत्यानं माझ्याकडे न पाहता ओवाळलं. भाऊ फेटा बांधून ओसरीत बसला होता आणि त्याची नजर फाटकावर. बाहेर घोडेवाला कुरकुरायला लागला. बँडवाल्यांचं एक गाणं वाजून झालं, दुसरं झालं. बाबांनी मला खूण केली, की काय चाललं आहे. मी काकूकडे माणूस पाठवावा की स्वतः जावं, या विचारात उभी होते. गेले आणि ती नाही म्हणाली तर मग काहीच उरणार नव्हतं. शेवटी मी भावाजवळ बसले आणि म्हटलं, चल तू, तिच्या दारापुढं मिरवणूक थांबवते, आत जाऊन पाया पडून ये, ती तिथंच ओवाळेल. खात्री मला कणभर नव्हती. तो उठला, पण मला म्हणाला की तिथून पुढं मी तिनं ओवाळल्यावरच जाईन.

घोडा फाटकाबाहेर निघतो न निघतो तोच मागून धडधड सुरू झाली. पहिल्यांदा पायांना कळली, मग कानांना. मामांची मेटॅडोर. उद्या यायची ती आजच आली होती, आणि मामा पुढच्या सीटवर बसून हसत होते. बाबांचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलं. मी गर्दीतून वाट काढत गेले आणि गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले. डोक्यावर पदर, हातात आरतीचं ताट, नवी पैठणी, आणि तोंडात नको ते शब्द. मामा खाली उतरले. म्हणाले, बँड पुढं वाजू दे, डीजे मागं वाजू दे, त्यात तुझं काय जाते. मी म्हटलं, गाडी चालवायची असेल तर माझ्या अंगावरून चालवा.

तेव्हा तो उंच पोरगा पुढं आला. म्हणाला, "आम्हाले नका सांगू बाई त्याचं. तो आमचाही होता. आज असता तं सगळ्यांच्या आधी या गाडीवर चढला असता."

मी त्याला गप्प केलं. त्याच्या आईला विचार, म्हटलं, तिला काय वाटेल ते. तो मागं सरला. पण गर्दी वाढत होती, पाहुणे कुजबुजत होते, बाबा ओसरीच्या पायरीवर बसून घेतात की काय असं दिसत होतं. मला माघार घ्यावी लागली. ठरलं ते असं: चक्कीपर्यंत वाजवा, विहिरीपलीकडे वाजवा, पण मधे बँड बंद, डीजे बंद, शिट्टीसुद्धा नाही. डीजेवाल्याला दिसत नाही म्हणून मी गाडीच्या पुढं त्याच्याकडे तोंड करून, उलटी चालत राहीन. मी हात वर केला की बंद.

त्या गल्लीत मी जन्मले, पण त्या संध्याकाळइतकी ती लांब कधी वाटली नाही. मी उलट्या पावलांनी चालले होते, मागचं दिसत नव्हतं, समोर पोरं घामानं निथळत नाचत होती. बॉक्सचा एकेक ठोका छातीत बसत होता. पायाखाली दगड आला की मी अडखळायची आणि दरवेळी वाटायचं, चक्की गेली की काय. एखादा पोट्टा ऐकणार नाही, गाडी थांबणार नाही, त्या बंद दारावर हा सगळा आवाज आदळेल, आणि माझा शब्द जाईल, आणि भाऊ घोड्यावरून उतरून मांडवात परत जाईल. मी मान वळवून पाहिलं तर चक्कीची पाटी दिसली. मी हात वर केला.

सगळं बंद झालं. बँड थांबला, डीजे थांबला, जनरेटरची घरघर तेवढी राहिली, तीही डीजेवाल्यानं समजून बंद केली. पोरांनी हात खाली घेतले. बायांनी पदर ओढले. घोड्याच्या टापा आणि शेकडो चपलांची खसखस, एवढंच. कुणाचं तान्हं रडायला लागलं तर त्याच्या आईनं त्याचं तोंड छातीशी दाबलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. डीजे आणूनही आमच्या गावानं रीत पाळली होती, आणि ती मी पाळायला लावली होती.

आम्ही दारापुढं आलो आणि दार उघडलं.

काकू उंबऱ्यात उभी होती. ठेवणीतलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात ताट. ताटात पेटलेला दिवा, सुपारी, आणि आम्ही दिलेल्या त्याच अक्षता. तिनं घोड्यावरच्या नवरदेवाकडे पाहिलं नाही. ती मला शोधत होती. मी पुढं झाले.

"काऊन बंद केला वं बाजा?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्या शांततेत तो शेवटच्या माणसापर्यंत गेला.

मी म्हटलं, काकू, तुमच्यासाठीच.

"माह्यासाठी," ती म्हणाली. "दिवाळीपासून पाहून राह्यली मी. साऱ्या गल्लीत वाजत येते अन् माह्या दारापुढे मुकं होते. मंग सारे खाली मान घालून चालते. मले आतून समजते, आलं म्हणून." मग ती म्हणाली, "त्याले आम्ही एकदाच नेलं पोरी. तुम्ही दर वरातीत नेता."

कुणी हललं नाही.

ती म्हणाली की मघापासून ताट घेऊन दाराआड उभी आहे. बाजा दारात आला की बाहेर पडायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आवाज वाढत वाढत चक्कीपर्यंत आला आणि मेला.

नवरदेव मारोतीपर्यंत घोड्यावरून उतरत नसतो. माझा भाऊ उतरला. घोडेवाला नको नको म्हणत होता, आत्यानं कपाळाला हात लावला, पण तो फेटा सावरत सरळ उंबऱ्यापाशी गेला आणि वाकला. काकूनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, दिवा ओवाळला. तिचा हात स्थिर होता. भावाचे खांदे हलत होते. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मग गर्दीकडे पाहून म्हणाली, "आता वाजवा. इथंच वाजवा, मंग पुढं जा."

कुणी वाजवेना. बँडमास्तर माझ्याकडे पाहत होता, डीजेवाला माझ्याकडे पाहत होता. दोनदा कबूल करून घेतलं होतं ना मी. मढ्याच्या दारात बाजा कोण वाजवणार, आणि वाजवला तर नाचणार कोण? मी डीजेवाल्याकडे वळून हात वर केला. त्यानं तो बंदचाच इशारा समजून मान हलवली. शेवटी मला ओरडून सांगावं लागलं, की वाजव म्हणते ना.

जनरेटर लागला आणि काकूच्या दाराची कडी थरथरायला लागली. पोरं तरी उभीच होती. मग त्या उंच पोरानं एक पाय उचलला, टेकवला, दुसरा उचलला. त्याचं तोंड रडवेलं होतं आणि पाय ठेक्यावर पडत नव्हते, पण तो नाचायला लागला, काकूच्या दारापुढं, ज्या जागी दिवाळीपासून कुणी पाऊल वाजवलं नव्हतं तिथं. मग दुसरा आला. मग सगळेच. मामा आले. बँडवाल्यांनाही राहवलं नाही तेव्हा त्यांनी आपलं सुरू केलं, दोन गाणी एकमेकांत मिसळली आणि कशाचं काही कळेना. बाबा मात्र दूर विहिरीपाशी उभे राहिले, हात जोडून.

काकूच्या हातातलं ताट कलायला लागलं म्हणून मी ते धरायला गेले. ती दाराकडे तोंड करून उभी होती, गर्दीकडे पाठ. तिचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मला आधी वाटलं तिचा जीव कासावीस झाला. मग मी कान जवळ नेला. ती रडत होती. मुळूमुळू नव्हे, माणूस उचलताना बाया रडतात तसं, पोराचं नाव घेऊन, पूर्ण गळा काढून. तिच्यापासून हातभर अंतरावर नाचणाऱ्यांना त्यातलं काही ऐकू जात नव्हतं.

मी घाबरले. डीजेवाल्याला थांबवायला मी हात वर केला. काकूनं माझं मनगट पकडून तो खाली ओढला आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "वाजू दे वं. कोणालेच ऐकू नाई जाऊन राह्यलं."